म्हशीची लस ताजी

१८ नोव्हेंबर, मंगळवार

हे गोठ्यात झोपायला गेले. खाट घेऊन! म्हशीजवळ!

का, तर यांची कोरोनाची लस संपली. टोचून चार वर्षं झाली ना. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं — लशीचं बळ सहा महिने. झालं! सकाळी ढोरांचा डॉक्टर धनसिंग म्हशीला टोचून गेला. तर म्हणतात, "मनी सरी गयी, तिनी ताजी शे." म्हणून तिच्या आडोशाला. तोंडाला उपरणं.

अन् तीस तारखेला दिपमालाचा साखरपुडा, ह्याच अंगणात. अमळनेरचे पाहुणे येणार. पोरीचा बाप गोठ्यातून टिळा लावणार का जावयाला?

१९ नोव्हेंबर

धनसिंगला परत बोलावलं. "नाना, ती लाळ-खुरकताची लस. तुम्हाला खुरं आहेत का?"

हे म्हणतात, "दर सहा महिन्यांनी टोचतोस ना? म्हणजे सरते ना?"

धनसिंगनं कप उचलला. चहा पिऊन गेला. कसला डॉक्टर!

२१ नोव्हेंबर

मीच सरकारी दवाखान्यात गेले. म्हटलं, पापडाच्या पुड्यावर तारीख असते, तुमच्या लशीवर का नाही? डॉक्टरीण पोरगी हसली. म्हणाली, मावशी, एकच तारीख नाही सांगता येत. रक्तातलं बळ काही महिन्यांत उतरतं, मग सर्दी-ताप होऊ शकतो. पण अंगाला ओळख राहते, सहसा फार बिघडत नाही. त्यांचं वय झालंय, परत घ्यायची का ते तपासून सांगते. घेऊन या.

घेऊन या! म्हैसपण आणू?

घरी येऊन यांना माझ्या भाषेत सांगितलं. मी खापरावर मांडे करते वर्षातून एकदा. पहिले दोन फाटतात. तिसऱ्याला हाताला आठवतं. अंगाचंही तसंच.

यांनी उपरणं नीट बांधलं. मग — "ते पहिले दोन म्हणजे मीच!"

२४ नोव्हेंबर

दिपमाला म्हणाली, "आई, पाहुण्यांना सांगू का, नाना गावाला गेलेत?"

गोठ्यातून आवाज — "मी आठेच शे!" इथंच म्हणे!

झुलालभाऊ गेले तेव्हापासून हे असे. यांचा सख्खा भाऊ, कोरोनात. शेवटचं तोंडसुद्धा पाहू दिलं नव्हतं. जाऊ दे.

२७ नोव्हेंबर

म्हैस दूध कमी देते. यांच्या घोरण्यानं!

२९ नोव्हेंबर

मला खोकला. अंग तापलं. दवाखान्यात नाकात काडी घातली — तोच निघाला! डॉक्टरीण म्हणाली, घाबरू नका, पण वेगळ्या खोलीत राहा. वेगळी खोली कुठून आणू? दोन खोल्या, अन् उद्या साखरपुडा!

गोठ्याच्या दारात उभी राहून लांबूनच सांगितलं. हे ताडकन उठले. वाटलं, आता पळतात पाचोऱ्याला बहिणीकडे. तर गोधडी झटकली, खाटेवर नीट घातली.

"ये. म्हैसजवळ तू झोप. तुनी बी सरी गयी ना."

अन् घरात गेले.

३० नोव्हेंबर

गोठ्याच्या फटीतून दिसलं. व्याही शिंकले — यांच्या तोंडावरच! हे जागचे हलले नाहीत. जावयाला टिळा लावला, वाकडा गेला. पुसला. परत वाकडा. तिसऱ्यांदा नीट.