चोपणातली माती

बा,

आपल्या चोपणातली माती मी गेल्या उन्हाळ्यात पिशवीत भरून प्रयोगशाळेत आणली. साखऱ्याच्या शिवारातला ओढ्याकडचा तो पांढरा तुकडा, जिथं कुसळ उगवत नाही आणि ऊन तापलं की मिठाची पापडी वर येते, तो अजून तसाच आहे. मी माती भरत होते तर बांधावरून काकी ओरडली, "अगं, एवढी शिकलीस अन् माती काहून नेऊन राहिलीस? तिकडं माती न्हाई का?" मी हसले. तिला काय सांगणार? या मातीत डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, त्यांना मिठाशिवाय करमत नाही. बाकीचे खारटपणानं मरतात, हे त्यातच संसार थाटतात, आणि त्यातले काही विषारी रसायनं खाऊन मोडतात. कारखान्यांचं घाण पाणी बऱ्याचदा खारट असतं, ते साफ करायला असलेच जिवाणू लागतात. माझी नोकरी ते शोधायची आहे. मी बाटल्यांत खारं पाणी घेतलं, जिवाणूंना खायला फक्त ती गोचीड मारायची विषारी पावडर ठेवली, तू मेंढरं धुवायला आणायचास तीच, आणि वर चिमूटभर चोपण टाकलं. कित्येक आठवडे काहीच नाही. मग एका सकाळी एका बाटलीतलं पाणी गढूळ दिसलं. गढूळ म्हणजे आत कुणीतरी जेवतंय. सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेले आणि रडले.

तो दिवस तुला आठवत असणारच. मी सहावीत होते. मेंढरांना गोचीड फार झाले होते. अर्धा कापलेला पत्र्याचा पीप, त्यात ओढ्याचं पाणी, आणि कान तुटलेला तो चहाचा कप. तू कपानं पावडर मोजायचास, बोटानं वरून सपाट करायचास आणि प्रत्येक कपाला मोठ्यानं आकडा म्हणायचास. तीन कप, चौथा कधीच नाही. एकेक मेंढरू तू बुडवतोस, आई डोकं वर धरते, मी धुतलेलं बाजूला हाकते, आणि तो कुबट वास चार दिवस भाकरीलाही येतो. संध्याकाळी तू म्हणालास, "उरलेलं पाणी बाभळीच्या पल्याडच्या खड्ड्यात वत, अन् वरून माती लोट." मी व्हय म्हणाले. खड्डा लांब होता, बादल्या जड होत्या आणि शेजारणीकडे टीव्ही लागला होता. मी सगळं चोपणात ओतलं. तिथं काही उगवतच नाही, मग बिघडणार काय, एवढीच माझी अक्कल.

चोपणात मेंढरं माती चाटतात, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. दर आठ-दहा दिवसांनी तूच त्यांना तिथं न्यायचास, मीठ पोटात गेलं की चरतात चांगली म्हणून. मी लहानपणी त्यांच्याबरोबर बोट ओलं करून चाटलेलं आहे आणि तुझी चापट खाल्लेली आहे. तरी त्या संध्याकाळी ते डोक्यात आलं नाही. ओतलेलं पाणी वाळलं, पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कसं? पाचव्या दिवशी तू कळप तिथं नेलास. मी शाळेतून आले तेव्हा मेंढरं वाड्यात थरथरत, दात खात आडवी झाली होती. अकरा गेली. तू प्रत्येकाच्या तोंडात हातानं ताक ओतत होतास आणि म्हणत होतास, "माझंच माप चुकलं. माझ्याच हातानं केलं हे." मी दारात उभी होते. तेव्हा बोलले असते तर चार फटके बसले असते आणि गोष्ट तिथंच मिटली असती.

उरलेली मेंढरं तू विकून टाकलीस. कप फोडलास. तू वारंगा फाट्यावरच्या धाब्यावर भांडी घासायला लागलास, आणि त्यानंतर तू हातानं कधी काही मोजलं नाहीस. खिचडीतलं मीठसुद्धा आचाऱ्याला टाकायला लावायचास. लोक तुला हसायचे. मला हसू यायचं नाही.

आता माझ्या अहवालात एक रकाना रिकामा आहे. साहेब विचारतात, "गावाबाहेरच्या ओसाड मातीत ही पावडर आली कुठून?" कारण ती तिथं अजून सापडते, आणि ती इतकी वर्षं तिथं होती म्हणूनच हे जिवाणू ती खायला शिकले असावेत. मी लिहिलंय, माहीत नाही. विष मोडलं की त्यातला क्लोरीन सुटतो आणि शेवटी मिठाच्या रूपानं मातीत उरतो, बा. हे तुला आवडलं असतं. पण त्या जिवाणूंना जे जमलं ते मला अजून जमलेलं नाही. तू तर गेलास, आता हे पत्र कुठं टाकणार? त्या मातीच्या पिशवीतच ठेवते.

एक राहिलं. मी कॉलेजात असताना फाट्यावर तुला भेटायला आले होते. तू बाकड्यावर माझ्या शेजारी बसलास आणि हळूच म्हणालास, "तू शिकून राहिली. हिसाब करून सांग, पीपभर पाण्यात किती पावडर जास्त पडली असंल?" तुझे तीन कप आणि पाणी धरून मी वहीच्या पाठीमागे मांडलं. दोनदा मांडलं. पण खरं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग मेंढरं मेली कशानं? मी वही मिटली आणि म्हणाले, "थोडी जास्त झाली असंल, बा." तू मान हलवलीस. चहा आला तेव्हा साखरेचा डबा माझ्याकडे सरकवलास. "तूच टाक, माय. माझ्या हाताचा भरवसा न्हाई."

बा, तुझं माप बराबर होतं.