झोपल्या माणसाला नमस्कार

शुक्रवार, १६ जाने.

परवा संक्रांतीला सकाळी मी काय केलं ते लिहून ठेवतो. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

साडेसातला सांगवीला पोचलो, माझे वडील, आबा, ज्या शुश्रूषा केंद्रात आहेत तिथे. तिथल्या छाया मावशींना म्हटलं, आज लवकर अंघोळ घाला, गावाकडची माणसं येणार आहेत. धुतलेलं धोतर, टोपी, गंध. मग दोघांनी मिळून आबांना खुर्चीत बसवलं. चाकाच्या खुर्चीत नाही, ऑफिसातली लाकडी खुर्ची मागून आणली. चाकाच्या खुर्चीत आबा आजारी दिसतात. हे मीच म्हणालो.

आठ ते बारा निघोज्याहून भावकी येत राहिली. तिळगूळ द्यायचा, पाया पडायचं, फोटो काढायचा. आबा ताठ. मधे मावशी दोनदा दारात येऊन गेल्या, डायपर बघायचं होतं. मी हातानेच थांबवलं. पाहुण्यांसमोर कसं?

आबांचा नियम जुना आहे, आडवं असताना कोणाचा नमस्कार घ्यायचा नाही. आडव्या माणसाच्या पाया एकदाच पडतात. उजवं अंग गेलं त्याला सात महिने झाले. तेव्हापासून मीही रोज आधी त्यांना उठवून बसवतो, मग पाया पडतो.

बारा वाजता उचललं तर खुर्ची ओली. धोतराला मागे लाल डाग. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, कुंकू लागलं असेल, सणाचा दिवस आहे.

कुंकू नव्हतं.

शनिवार, १७ जाने.

सिस्टरांनी पडदा ओढला. मी नेहमीसारखा बाहेर निघालो.

"तुम्ही थांबा. बघा."

पाहिलं. माकडहाडावर कातडं सोललेलं, आत गुलाबी, भोवती जांभळट. सिस्टर म्हणाल्या, आधी तीन-चार दिवस नुसतं लाल असणार. आमचंही लक्ष राहिलं नाही. त्यावर ते ओल्यात तासन् तास बसणं.

खुर्ची बंद. जेवणापुरतं बसवायचं, तेही मऊ गादीवर. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओलं झालं की लगेच बदलायचं. पाणी भरपूर.

चाकणला कंपनीत मी पत्र्याचे पार्ट तपासतो. केसाएवढा ओरखडा हातभरावरून दिसतो मला. सात महिन्यांत आबांची पाठ एकदाही पाहिली नव्हती. बापाला उघडं बघायचं नाही, एवढंच डोक्यात.

मंगळवार, २० जाने.

पलंगाच्या डोक्याशी कागद लावला. ८ डा., १० उ., १२ डा. असं खालपर्यंत. उजव्या कुशीवर थोडा कमी वेळ.

शेजारच्या पलंगावरचे सर (चित्रकलेचे शिक्षक होते, नव्वदीला आलेत) कागद वाचून म्हणाले, "आबा, दिवसाला इतक्यांदा बाजू बदलायची? निवडणुकीला उभे रहा."

आबा हसले. तोंडाच्या डाव्या अर्ध्यानेच हसतात, पण हसले.

मग मावशींनी खिडकीतली कुंडी उचलली. "अव बाबा, हा मनीप्लांट तुमच्यापेक्षा ताजा दिसायलाय. रोज कोण पाणी घालायलंय ह्याला?"

आबा भिंतीकडे बघत राहिले. डाव्या हाताला खिडकी आहे. पेला तिथेच रिकामा होत होता, कोण जाणे किती दिवस.

मावशी गेल्यावर विचारलं. म्हणाले, "पानी प्यालं की व्हतं. मंग ती बाई येती."

शुक्रवार, २३ जाने.

या आठवड्यात सेकंड शिफ्ट, सकाळ मोकळी. आज मी केलं.

आबांचं ओलं झालेलं कळत होतं. मावशी पलीकडच्या खोलीत अडकलेल्या. मी पडदा ओढला.

"तू न्हाई. बाईला बोलीव."

"त्यांना वेळ लागेल आबा."

"लागू दे."

"ओल्यात ठेवू का तुम्हाला?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही एकदा मिटले, मग उघडले, कारण मिटून होणार नव्हतं.

मावशींनी शिकवलं होतं तसंच, कोमट पाणी, मऊ फडकं, घासायचं नाही, टिपायचं. पट्टीच्या कडेला हात लागू द्यायचा नाही. मलम पातळ. नवीन डायपर सरकवताना आधी कुशीवर, मग परत. किती हलके झालेत. नाम घेत होतो मनात. मोजलं नाही.

"झालं?"

"झालं."

"हात धू चांगलं."

धुतले. गंध लावू का विचारलं. मान हलवली, नको. संक्रांतीपासून गंध लावून घेत नाहीत. अंग सदा ओलं, म्हणे, देवाचं काय लावायचं त्याला.

रविवार, २५ जाने.

दादा आला पत्रिका घेऊन. पल्लवीचं लग्न ८ तारखेला, मोशीला कार्यालय. थोरल्या भावाची एकुलती एक मुलगी, आबांची पहिली नात.

"आबा स्टेजवर पायजेत. फेटा बांधून. नवरा-नवरी पयलं त्येंच्या पाया पडणार."

मी दादाला व्हरांड्यात नेलं. सांगितलं, सिस्टर नको म्हणतात.

"तू डाक्टर झालास व्हय रं? अडीच-तीन तास बसायचंय फकस्त. खुर्चीला गादी टाकू. दोन गाद्या टाकू."

जखम म्हणालो. किती, कशी, कुठे, ते काही तोंडातून निघेना. दादाला एवढंच कळलं की मी काहीतरी फाटे फोडतोय.

परत आत आलो तर आबा म्हणाले, "फेटा कंचा हाय?"

"गुलाबी ठरलाय."

"केशरी बांधा म्हनावं."

त्यांनाच जायचंय. मग मी कोण नको म्हणणारा...

गुरुवार, २९ जाने. (एकादशी)

कामावर जाताना आळंदी फाट्याला गाडी थांबवून हात जोडले. तिथे उभं असताना डोक्यात आलं, आमच्या शाळेच्या भिंतीवर शेषशायी विष्णूचं चित्र होतं. प्रार्थनेनंतर आम्ही सगळी पोरं त्याला नमस्कार करायचो. तो आडवाच आहे की! कोणी त्याला उठवून बसवत नाही.

हे सुचल्याचा इतका आनंद झाला की गाडी वळवून सांगवीला गेलो. कामावर उशीर झाला. आबांना सांगितलं, पल्लवी इथेच येऊ दे, तुम्ही आडवेच रहा, विष्णू नाही का आडवा?

आबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "त्येला डायपर न्हाई."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशी पाणी घेऊन धावत आल्या. मीही हसलो. गाडीत बसल्यावर मात्र हसू येईना.

रविवार, १ फेब्रु.

जखम. कडेने पांढरी होतेय, आत खोल गेलेली नाही. सिस्टर कागदी पट्टीने मोजतात आणि लिहितात. "भरायला लागलीय म्हणा. पण एक दिवस पुरेल बिघडवायला."

पट्टी बदलत असताना आबा म्हणाले, "मला बगायचंय."

मोबाईलवर फोटो काढून दाखवला. डोळ्याजवळ नेला, लांब नेला. बराच वेळ.

"खांदा आलाय," म्हणाले.

मला लगेच कळलं. आमच्या सर्जाचा खांदा आला होता, मी चौथीत होतो. जुवाने घासून कातडं गेलेलं. आबांनी त्याला जुंपलाच नाही. शेजारची पेरणी उरकली, आमचं रान तसंच. चुलते येऊन बोलून गेले. आबा रोज हळद आणि लोणी लावायचे, माश्या बसू नयेत म्हणून फडकं टाकायचे. बैल मात्र गोठ्यातच.

फोटो बघतच म्हणाले, "ह्यावर जू कुनी ठिवलं?"

दुसरं काही सांगता आलं असतं. आजार म्हणता आलं असतं.

"मी, आबा. संक्रांतीला. चार तास बसवलं. मावशी आल्या तर त्यांनाही थांबवलं."

डावा हात पलंगावर इकडे तिकडे फिरत राहिला. मग माझ्या मनगटावर येऊन थांबला.

"तुला काय ठावं, लेका."

सौ.ला घरी येऊन सांगितलं. ती नुसती जवळ बसली.

मंगळवार, ३ फेब्रु.

दादाला फोन. या वेळी सगळं बोललो. जखम कुठे आहे, केवढी आहे, लघवी कळत नाही, पाणी का पीत नाहीत.

मग म्हणाला, "मला का न्हाई सांगितलंस?"

"लाज वाटली."

"बरं. मंग पोरगी पाया कुनाच्या पडनार?"

"आबांच्याच. लग्नानंतर दोघांना इकडे घेऊन ये. आबा आडवे असतील."

"आडव्या मानसाच्या पाया पाडू नव्या जोडीला? लगीन हाय का मयत?"

"आधी मी पडतो. उद्या. काय व्हायचं ते मला होऊ दे."

फोन ठेवला त्याने. चिडून ठेवला की रडू आलं म्हणून, कळलं नाही.

बुधवार, ४ फेब्रु.

आठला पोचलो, पण थांबलो. आठला डावी कूस, म्हणजे चांगला हात खाली अडकतो. मधे मावशींबरोबर अंग पुसून घेतलं, कोरडं केलं. दहाला उजवी कूस दिली, पाठीशी उशी, गुडघ्यांत उशी, टाचा अधांतरी. डावा हात मोकळा.

"गंध?" विचारलं.

या वेळी नको म्हणाले नाहीत. लावलं.

मग ते रोजच्यासारखे वाट बघायला लागले. "बशीव."

"नाही आबा."

पायथ्याशी गेलो. सरांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, उलटं. मावशी दारात उभ्या राहिल्या. एवढी वर्षं जे करू नये म्हणून शिकलो ते करत होतो. कोणाला काही झालं तर... असं आलंच मनात. डोकं टेकवलं. पाय गार होते, मलमाचा वास येत होता. रोज टेकवतो त्याहून जास्त वेळ टेकवून ठेवलं.

"हिकडं ये," आबा म्हणाले.

उशाशी गेलो, वाकलो. डोक्यावर हात ठेवला. तो जड पडला, तसाच राहिला.

"जित्ता हाय न्हवं मी?"

"आहात की."

"मंग पानी दे."

सगळा पेला प्यायले. कुंडी पाठीमागे खिडकीत होती, पण मान वळवून तिकडे बघितलंही नाही त्यांनी. आणखी अर्धा मागितला.

दादाचा फोन अजून नाही. रविवारी लग्न. जोडी इकडे येईल का, माहीत नाही. जखम उद्या मोजतील.

निघताना लाकडी खुर्ची ऑफिसात परत नेऊन ठेवली.