एकोणीस नंबरची बाटली

६ जानेवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस आणि नव्या वहीचाही. कारखाना साजगावला, म्हणून खोलीही इथेच घेतली. नेरळहून रोज ये-जा करण्यात जीव अर्धा झाला असता. आईला फोन करून सांगितलं, तुझी हर्षला आता प्रयोगशाळेची मालकीण आहे. मालकी म्हणजे एक मशीन, एक फ्रिज आणि मदतीला सोनुबाई.

मी दिवसभर लघवी तपासणार हे ऐकून आईला हसू आवरेना. पण काम मोठं आहे. टाकीखात्यातले अठरा कामगार बेन्झिन हे रक्त बिघडवणारं रसायन हाताळतात. ते श्वासातून अंगात जातं, तिथे त्याचं दुसरंच काहीतरी बनतं आणि लघवीतून बाहेर पडतं. ते मोजलं की कोणाच्या अंगात किती विष गेलं ते कळतं. आकडा वाढला तर त्या माणसाला टाक्यांपासून हलवायचं. नमुना मात्र शुक्रवारी शिफ्ट सुटतानाच घ्यायचा, कारण शनिवार-रविवारच्या सुट्टीत सगळं धुऊन जातं. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं, मला हे काम मनापासून आवडतं.

१० जानेवारी, शुक्रवार

पहिले नमुने घेतले. बाटल्यांवर नाव नसतं, फक्त बिल्ल्याचा नंबर. सात नंबरचा ओमकार कोंडाणे गावचा, भारी बडबड्या. बाटली देताना म्हणाला, मॅडम, पास करा हां. त्याच्या दंडावर निळे डाग दिसले. विचारलं तर म्हणाला, पिंप लागलं.

सगळ्या बाटल्या लावून झाल्यावर सोनुबाईने शेवटी एक रिकामी ठेवली, एकोणीस नंबरची. मला वाटलं, मोजायला चुकली. ती म्हणाली, "आमच्या मालकांची हाय ती. ऱ्हाऊ द्या." तिचा नवरा भिवाजी याच टाकीखात्यात होता. तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या आजाराने गेला. त्याचे सगळे अहवाल स्वच्छ आले होते. पितरांचं पान मांडतात तशी ती दर तपासणीला त्याची बाटली मांडते. मला फार वाईट वाटलं. बाटली राहू दिली.

१३ जानेवारी, सोमवार

ओमकारचा आकडा मर्यादेच्या तिप्पट. बाकीच्यांचेही मर्यादेच्या वरच. कागद घेऊन लगेच मॅनेजर हर्षद सरांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, शुक्रवारी काम खोळंबतं, तेव्हा यापुढे नमुने सोमवारी सकाळी, शिफ्टच्या आधी घ्या. आधीचा माणूसही तसंच करायचा. हे आकडे सरावाचे समजून ठेवून द्या. मग म्हणाले, तीन महिन्यांनी तुम्हाला कायम करायचंय.

सोमवारी काय सापडणार ते मला ठाऊक आहे. त्यांनाही. मी 'हो सर' म्हटलं. भिवाजीचे अहवाल स्वच्छ का यायचे ते जिना उतरताना कळलं.

२० जानेवारी, सोमवार

आठ वाजता नमुने घेतले. सगळे स्वच्छ. अठराही कागदांवर मी सही केली. ओमकार खूश झाला. टाकीचं काम सोड म्हणून त्याची बायको संजना मागे लागली होती, तिला आता कागद दाखवणार म्हणाला.

नंतर पाहिलं तर एकोणीस नंबरची बाटली भरलेली. सोनुबाई स्टुलावर बसलीच. "म्या नाय भरली," एवढंच म्हणाली. मी हात लावला. कोमट होती.

२१ जानेवारी, मंगळवार

मोजली. मर्यादेच्या बारापट. मशीन दोनदा तपासलं, मशीनमध्ये दोष नाही. सोमवारच्या सकाळी असा आकडा येऊच शकत नाही. हा शिफ्ट सुटतानाचा आहे. भिवाजीचा, जो कोणी कधी मोजलाच नाही.

भीती वाटते आहे. कोणाला सांगू?

२४ जानेवारी, शुक्रवार

आज नमुने नव्हते. तरी शिफ्टचा भोंगा झाला आणि टेबलावर बाटली. सात नंबर. भरलेली, कोमट.

ओमकार बुधवारपासून कामावर नाही. संजनाला फोन केला. कर्जतच्या दवाखान्यात आहे, ताप, हिरड्यांतून रक्त. डॉक्टर डेंग्यू समजतायत. कारखान्याचं काही असेल का असं त्यांनी विचारलं, तर तिने माझा कागद दाखवला. स्वच्छ आहे ना मॅडम, म्हणाली.

मी म्हटलं, काळजी घ्या. खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. फोन ठेवून दिला.

२५ जानेवारी, शनिवार

ओमकार गेला. रक्त थांबलंच नाही म्हणे.

मी सही केली होती. मी.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळचे सात. कामगारांची बस यायला अजून तास आहे. दहा तारखेचे खरे आकडे लिहून काढायचे आणि एकेकाच्या हातात द्यायचे, म्हणून लवकर आले. कायम नाही केलं तरी चालेल. उरलेले सतरा तरी—

सोनुबाई दारातच उभी. आत येत नाही. "टेबलाकडं बघू नको गं पोरी. आदी लिव."

पाहिलं. बाटल्या. मी मांडल्या नव्हत्या. तिनेही नाही.

सतरा. सगळ्या भरलेल्या.

बस आलेली नाही. कोणीच आलेलं नाही अजून.

हात लावला. एकूण एक कोमट—

लिहिते. लिहिते आहे. शुक्रवार, दहा जानेवारी, शिफ्ट सुटताना. बिल्ला नंबर एक, खरा आकडा—