वादळात सापडलेल्या पक्ष्याचा उपवास

पप्पा,

तुम्हाला नोकरी देणाऱ्या शेठला 'नाही' म्हणता येतं का? माझ्या मैत्रिणी हर्षदा आणि वर्षा म्हणाल्या, "विचारून दाखव." घ्या, विचारलं.

वादळानं समुद्रावरून आपल्या गच्चीत आणून टाकलेला पक्षी मी साडीच्या खोक्यात ठेवून, मासे भरवून जगवला. पंख फडफडवायला लागला होता. मी शाळेत असताना तुम्ही तो शेठच्या पोराला खेळायला देऊन टाकलात. काल आपण शेठकडे गेलो तेव्हा बघितलं, पिंजऱ्यात बाजरी आणि बेसनाचे गाठिया. शेठाणी कौतुकानं म्हणाली, "कंई खातुं नथी, उपवास करे छे." काही खात नाही, उपवास करतोय म्हणे, आणि तुम्हीपण हसलात. तो फक्त मासे खातो, हे तुम्हाला माहीत आहे. पण ते सांगितलं तर आपल्या घरात मासे शिजतात हे शाकाहारी शेठला कळेल ना.

आई, तूपण काल मान खाली घालून चहा पीत बसलीस.

मी मासे डब्यात घेऊन शेठच्या बंगल्यावर चाललेय. पक्षी मागून घेणार आणि बरा झाला की डुमसच्या समुद्रावर सोडणार. पीसीओवरून फोन करून शेठची आधीच माफी मागू नका. मासे कुठले असं त्यांनी विचारलं, तर आमच्या घरचे म्हणून मी सांगणार आहे.

दीपमाला