बर्फाची मोटार

आण्णा, दुपारपासून पडून आहे, पण डोळा काही लागत नाही. या वयात अंग थकतं आणि डोकं मात्र नको तिथं हिंडत राहतं. आज ते तुमच्या मोटारीपाशी जाऊन बसलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी मोटारीच्या स्टेरिंगवरचा तुमचा हात आठवावा लागतो, मग दंड, मग खांदा, आणि मग कुठं तुम्ही दिसता. हे लिहायचं म्हणून उठून बसले. कुणी विचारलंच तर किराण्याची यादी करायलेय म्हणून सांगीन.

पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार बिऱ्हाड उचलून हैदराबादला गेले आणि त्यांची मोटार मागं राहिली. तुम्ही त्यांचे ड्रायव्हर, तुमच्याशिवाय तिच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या कारभाऱ्याला वाटणीची बैलजोडी देऊन तुम्ही ती घरी आणली, तेव्हा आप्पा, तुमचे थोरले भाऊ, ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. "बैल दिऊन डबडं आणलंस व्हय रे?" असं म्हणाले, तंबाखू दाढेला धरली. मग म्हणाले, "एक उन्हाळा देतो तुला. मोटारीवर पोट भरलं तर तू मोकळा. न्हाई तर मुकाट्यानं माझ्या नांगरामागं ये, आन् पुन्हा मोटारीचं नाव काढायचं न्हाई." तुम्ही "कबूल" म्हणालात. तुम्हाला शेतीचा कंटाळा नव्हता आण्णा, आप्पांच्या हाताखाली राहण्याचा होता. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

बर्फ वाहायचं तुमच्या डोक्यात कुठून आलं ते तुम्हालाच माहीत. परभणीच्या ठेसनावर आगगाडीतून बर्फाच्या लाद्या यायच्या, तरटात गुंडाळलेल्या. लग्नसराईत खेड्यातल्या बड्या घरांना सरबतासाठी बर्फ पाहिजे असायचा, आणि बैलगाडीनं तो पोचायचा नाही. तुम्ही म्हणालात, आपली मोटार पोचवील. पहिल्या दोन-चार खेपांत तुमची मोटार ओढ्याच्या चढाला धापा टाकत थांबायची, आणि ती गार होईपर्यंत मागं बर्फाचं पाणी व्हायचं. रस्त्यावरची माणसं म्हणायची, "चालला बघा आपला मोटारवाला सडा मारीत." तुम्ही हसून हात करायचा. घरी आल्यावर मात्र हातपाय न धुताच बसून राहायचा.

मी तेव्हा माहेरी आले होते, लग्नाला वर्ष होत आलं होतं. माय चुलीपुढं भाकरी थापायलीय, मी भाजी निवडायलेय, आणि तुम्ही आमच्या दोघींच्या मधे उकिडवे बसून माझ्या सुपातला एक कांदा, एक लसणाचा गड्डा आणि एक लाल मिरची उचलून जमिनीवर मांडता. कांदा म्हणजे इंजिन, लसूण म्हणजे बर्फासाठी जस्ताची पेटी, मिरची म्हणजे चाकांवरचे धक्के झेलणारे पाटे, जे पार बसून गेले होते. पैसा एका वेळी एकाच कामापुरता. पहिलं कुठलं करायचं, याचा घोळ तुम्ही रोज संध्याकाळी घालायचा. माय म्हणायची, "पेटी करा. म्या भाकरी फडक्यात गुंडाळती तवा कुठं ती ऊन राहती, तसा तुमचा बर्फ राहील गार." तुम्ही म्हणायचा, "अगं, बर्फाचा वैरी ऊन. उन्हात जितका कमी येळ तितका बर्फ जास्ती. इंजिन पहिलं." मी विचारलं, "आन् पाटे?" तुम्ही मिरची उचलून बाजूला ठेवलीत. "पाटे माणसाच्या बुडासाठी असत्यात, बाई. बर्फाला कुठं बूड हाय?" माय इतकी हसली की तिची भाकरी तव्यावर वाकडी पडली. मग तिनं तुमचा कांदा उचलला, फोडला आणि कालवणात टाकला. "गेलं तुमचं इंजिन," म्हणाली. तुम्ही दुसरा कांदा घेतला.

गंमत म्हणून सांगते, तुमचं चुकलं असं त्या चुलीपुढं कुणालाच वाटलं नव्हतं. गावातल्या ज्याला त्याला विचारून पाहिलं असतं तरी त्यानं इंजिनच म्हटलं असतं. परभणीच्या मिस्त्रीनं तेवढं म्हटलं होतं की आधी ब्रेक बघा. त्याला तुम्ही म्हणालात, "थांबायचंय कुणाला!" तरी ब्रेक तेवढे आवळून घेतलेत, ते बरं केलंत. आणि मग इंजिन उतरवलं. रिंगा नव्या, आणखी काय काय नवं, मला कुठं कळतंय. ज्या दिवशी मोटार घरी आणलीत त्या दिवशी ती दारात नुसती उभी राहून गुरगुरत होती आणि आप्पा ओसरीवरून उठून आत गेले.

झरी हे माझं सासरचं गाव, तिथलं लग्न भाऊकीतलंच. चुलतसासऱ्यांच्या लेकीचं. बर्फाचं काम त्यांनी तुम्हाला दिलं, ते आमच्याकडचे व्याही म्हणून, आणि थोडं गंमत बघायला म्हणूनही दिलं असावं. हे साधलं तर त्या भागातली सगळी लग्नं तुम्हाला मिळणार होती आणि आप्पांचा उन्हाळा तुम्ही जिंकणार होतात. मलाही त्याच मोटारीतून सासरी पोचवायचं ठरलं. मला जायचं नव्हतं. सासरी कुणी मारझोड करत नव्हतं, तसं काही नाही. पण त्या घरात वर्षभर मी मोठ्यानं हसले नव्हते, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

तर आपण निघालो. मागं तरटातल्या लाद्या, त्यावर भुसा, पुढं तुम्ही आणि मी. मोटारीचा टप मागं पाडलेला. परभणी सुटली आणि तुम्ही पाय दाबलात. काळ्या रानातला रस्ता, उन्हानं वाळून बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या झालेल्या, मोटार अशी उडायची की माझे दात एकमेकांवर आपटायचे. डोक्यावरचा पदर उडाला तो मी धरलाच नाही. शेळ्या पांगल्या, एक टांगेवाला शिव्या देत बाजूला झाला, आणि तुम्ही ओरडलात, "काय म्हणती पोरी तुझी मोटार?" माझी म्हणालात. मी हसायला लागले आणि मला थांबताच येईना. ओढ्याचा चढ आला, तोच तो, आणि मोटार तो न थांबता चढून गेली. तुम्ही वर पोचल्यावर स्टेरिंगवर थाप मारलीत, बैलाला मारतात तशी.

झरीला आपण इतके लवकर पोचलो की मांडवात कुणी तयारच नव्हतं. तुम्ही ताठ उतरलात. चुलतसासरे आले, चार माणसं आली, तुम्ही तरट उलगडलं. आत लाद्या नव्हत्या. सगळा चुरा, बारीक खडे, आणि खाली पाणी. त्या धक्क्यांनी लाद्या फुटल्या आणि फुटलेला बर्फ बघता बघता वितळला. चुलतसासरे वाकून बघत म्हणाले, "व्याही, वाटंत गारा पडल्या का काय हो?" मांडवभर हशा.  कोपरापर्यंत हात घालून तुम्ही त्या भुशात चाचपत राहिलात, बराच वेळ, आणि एक मुठीएवढा तुकडा काढलात. धोतरानं पुसलात. सगळ्यांच्या देखत माझ्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "खा." सासू समोर उभी. नवी सून, चारचौघांत, उभ्यानं. मी तो कडाकडा चावून खाल्ला. त्यानंतर सासूबाई असेपर्यंत मी त्या घरात "बर्फखाऊ" होते. काही मागितलं, काही बोलले, की लगेच, "गप गं, बर्फखाऊ." चाळीस वर्षं ऐकलं आण्णा. शेवटी शेवटी तर मला माझं नाव असल्यासारखं वाटायचं.

तुम्ही न जेवता निघून गेलात. बाकीच्या लग्नांचे निरोप आले, बर्फ नको म्हणून. मृग लागायच्या आत तुम्ही आप्पांपुढं जाऊन उभे राहिलात. त्यांनी मोटारीची चाकं काढून त्यांची टायरची बैलगाडी करवली, गावातली पहिली, आणि तिच्यावर उरलेलं सगळं आयुष्य तुम्हीच बसलात, कासरा धरून. आप्पांना वाईट म्हणवत नाही, ते तुम्हाला कधी टोचून बोलले नाहीत. पण तुम्ही कधी बैल पळवले नाहीत. माझी पोरं "आजोबा, पळवा ना" म्हणायची, तर तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचा.

गेल्या महिन्यात माझ्या नातवानं जुनी गाडी घेतली. हातात बेताचा पैसा, आणि तिला जोरदार करायची हौस मोठी. परवा मित्राला सांगत बसला होता, आधी टायर आणि ब्रेक, मग पाटे-बिटे, इंजिन सगळ्यात शेवटी, सगळे जाणकार हेच सांगतात म्हणे. मी पलीकडं शेंगा फोडत होते. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मला तुमचा राग आला नाही, त्याचाच आला. एवढ्या सहज बोलून गेला! तुम्ही शेवटच्या दुखण्यात पडला होतात, मी पाय चेपत होते, आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करून म्हणालात, "क्रम चुकला गं बाई. पाटे पहिले करायला पायजे व्हते. उगं इंजिनाचं येड घेतलं." आणि मी म्हणाले, "व्हय, आण्णा." दमले होते, तशीच पाय चेपत राहिले. तुम्ही तेच मनात घेऊन गेलात.

आता हा कागद कुठं पाठवायचा, आणि पाठवून तरी काय. पाटे आधी केले असते तर बर्फ पोचला असता, तुम्ही मोकळे झाला असतात, हे खरंच आहे, त्यात मी काही बदलू शकत नाही. पण मांडवाचं टोक दिसायला लागलं तेव्हा तुम्ही पुढं वाकून बघत होतात, आणि मी मनात म्हणत होते, झरी येऊच नये. बर्फाचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तुम्ही बुडालात तो दिवस माझ्या आख्ख्या जन्मातला सगळ्यात चांगला दिवस होता, आण्णा, आणि तुमच्या पायाशी बसून ते बोलायची मला लाज वाटली.