नाण्याशेजारचा कोळी

प्रिय डॉटी,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तो पाठीवर व्हायोलिनसारखी खूण असलेला विषारी कोळी नाही. याच्या पायांवर पट्टे आहेत, काट्यांसारखे केस आहेत. व्हायोलिनवाल्याचे पाय अगदी कोरे. आणि डोळे मोजलेस तर याचे आठ भरतील, त्याला सहाच असतात. हे लांडगा-कोळ्याचं पिल्लू आहे बिचारं. सोड त्याला अंगणात. कोळी ओळखायच्या त्या ऑनलाइन गटावर मी एवढंच लिहिलंय, बाकीचं इथे.

हो, उत्तर देणारी ती मीच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी कॉफी घेऊन लोकांचे कोळी ओळखत बसते. अख्ख्या मिझुरी राज्याला घरातला प्रत्येक तपकिरी कोळी विषारीच वाटतो! एकाने तर टोमॅटोच्या देठाचा फोटो पाठवला होता. गटावर तू 'स्वयंपाकघरवाली' असं नाव घेतलंस खरं, पण मापाला ठेवलेल्या नाण्याशेजारी ती वाकडी करंगळी! तो माझाच प्रताप. गाडीचं दार मी तुझ्या बोटावर आपटलं होतं, आणि सात वर्षांची तू आईला म्हणालीस, "मीच पडले."

तुझा पहिला फोटो धूसर होता. मी नेहमीचं ठोकून दिलं: डोळे दिसत नाहीत, खाली वाकून समोरून पुन्हा काढा. आम्हाला सवयच ती, फोटोतलं आजूबाजूचं सगळं कापायचं आणि कोळी तेवढा मोठा करून बघायचा. तू निमूट दुसरा पाठवलास. आईच्या दफनानंतर मी तोंडाला येईल ते बोलले, "ती आजारी होती तेव्हा कुठे होतीस? आता कशाला रडतेस?" तेव्हाही तू अशीच निमूट निघून गेलीस. चार वर्षं झाली. मला फार लाज वाटते गं.

दुसरा फोटो कापण्याआधी मला ती करंगळी दिसली, आणि मनगटावरचा इस्पितळाचा पट्टा. पहिला पुन्हा उघडला. पट्टा त्यातही होता, मीच कापून टाकला होता. खाली तू लिहिलं होतंस, "सोफ्याखाली आणखी असतील तर? मला सोफा हलवता येत नाही, घरात दुसरं कोणी नाही." आणि तुला मी जमिनीवर वाकायला लावलं! पाठवणाऱ्याच्या घरचं विचारायचं नाही असा गटाचा नियम आहे, गेला खड्ड्यात. पुढच्या गुरुवारी मी येतेय. सोफा मी हलवीन. दार नुसतं लोटून ठेव, उठू नकोस. या खेपेला मी ते हळू लावीन.

तुझीच थोरली,
व्हर्ना