पान एकशे एकेचाळीस

॥ श्री ॥

मुलुंड पूर्व,
१२ नोव्हेंबर २०२५

श्री. भाऊराव भावोजींस,
रुक्मिणीचा नमस्कार.

तुमचं पार्सल शनिवारी मिळालं. आमसुलं एक किलो, फणसाचे पापड दोन पुड्या, कुळथाचं पीठ आणि मसाल्याची बरणी, न फुटता. टपालाला एकशे नव्वद रुपये घातलेत, एवढे घालू नका. त्याच दिवशी ह्यांच्या नव्या पुस्तकाच्या पंचवीस प्रती आल्या. टेम्पोवाल्याने तिसऱ्या मजल्यावर आणायचे शंभर घेतले. आमच्याकडे अजून लिफ्ट नाही. ते तुम्हाला माहीत आहेच.

बाकी सगळं बरं. माझे गुडघे धरतात, पण संध्याकाळची आरती चुकत नाही. मुलगी चेतना पवईला नोकरीला आहे, रविवारी येऊन जाते.

आता पुस्तकाचं. सैन्यातून आल्यापासून हे लिहितात. आधीच्या दोन पुस्तकांत नुसत्या लढाया होत्या, माणसं नव्हती. ही कादंबरी आहे, आणि वर 'सत्य घटनेवर आधारित' असं छापलंय. चौकीवरून माघार घेताना मित्राचा पाय सुरुंगावर पडतो. नायक खाली पोचलेला असतो, पण गोळीबारातून पुन्हा वर जातो आणि मित्र त्याच्या मांडीवर प्राण सोडतो. मित्राचं नाव निराळं आहे. पण तो कुडाळकडचा, सोलकढी जेवणाआधीच पिणारा, दशावतारातल्या राण्यांचा आवाज काढून चौकी हसवणारा. ह्यांच्या जुन्या पत्रांत तुम्ही अगदी असेच होतात.

भावोजी, पान एकशे एकेचाळीसवर तुम्ही वारलात. आणि माझ्या फडताळात तुमचे पापड.

मी ह्यांना म्हटलं, "भाऊरावांचं पार्सल आलंय."

"ठेव."

"पुस्तकात तर ते गेले."

"पुस्तकातला माणूस वेगळा गं."

"मग त्याला जगवायला काय झालं होतं?"

हे उठून गॅलरीत गेले. तुमच्या पार्सलातलं ह्यांनी बावीस वर्षांत तोंडाला लावलेलं नाही. मी एकटी खाते.

चेतना म्हणते, "आई, कादंबरी आहे ना ती! कशाला पोलीसगिरी करतेस?"

पण माझ्याकडे पानं आहेत. मी रोज एक पान रामनाम लिहिते. त्याला कोरी वही कशाला आणायची? ह्यांनी टाकलेली पानं एका बाजूने कोरी असतात, तीच घेते. मागे काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. काल दुपारी गठ्ठा काढून सगळी उलटली. तोच प्रसंग अकरा वेळा लिहिलाय. अकराही वेळा नायक वर जात नाही. खाली उभा राहून मित्राच्या हाका ऐकतो, आणि मग त्या ऐकू येऊ नयेत म्हणून चालायला लागतो. मित्राला दुसऱ्या दिवशी दुसरीच तुकडी उचलून आणते. पाय गुडघ्यापासून गेलेला, माणूस जिवंत. बाराव्या वेळी मात्र हे मागे फिरले, आणि तेवढंच छापलं.

'नायक' लिहायचं तिथे 'हे' लिहिलं मी. खोडत नाही.

मला तर ह्यांनी सांगितलं होतं, की तुमचा पाय मोटारसायकलवरून पडून गेला.

आता माझं. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही कुबड्यांवर तीन मजले चढून आलात. दाराची साखळी न काढता मी म्हटलं, "हे गावाला गेलेत." हे आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. ह्यांच्या चपला उंबऱ्यापाशीच होत्या, आणि तुम्ही त्या पाहिल्यात. म्हणालात, "बरा वैनी. इलो की सांगा, भाऊराव येवन गेलो." पाणीसुद्धा विचारलं नाही मी. कुबड्यांचा आवाज पार तळमजल्यापर्यंत ऐकला. का लपताय, हे ह्यांना विचारलं नाही. तेही जमलं असतं, पण नाही विचारलं.

त्याच वर्षापासून पार्सलं येऊ लागली, कधी चिठ्ठी नाही. इतके दिवस मी ती माया समजत होते. आता शंका येते, की आठवण करून देता की काय. रागावू नका, पण तेही सांगा.

तीस तारखेला घाटकोपरला प्रकाशन आहे. पुस्तक 'वरच राहिलेल्या मित्रास' अर्पण केलंय, आणि समई मी लावायची असं पत्रिकेत छापलंय. जिवंत माणसाला मेलेला म्हणून माझा हात ती लावणार नाही. पण ती अकरा पानंच मनाने रचलेली असतील, आणि मी चारचौघांत अडून बसले, तर ह्यांच्यावर अन्याय होईल. म्हणून तुम्हालाच विचारते. हे मागे फिरले होते का?

फोन करू नका, फोन हे उचलतात. सोबत पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलंय. हो की नाही, एवढं उलट टपाली कळवा. आणि स्वतःच येणार असलात तर या खेपेला जिने चढू नका. खालून हाक मारा. हे घरात आहेत असंच मी सांगेन, आणि ह्यांना खाली पाठवीन.

दारात खोटं बोललेली तुमची वहिनी,
रुक्मिणी